नांदायला परत जावे का?



रोवण्याचे दिवस जवळ आले, की आपल्या धानाच्या मुलखात, माहेरी येऊन राहिलेल्या एखाद्या लेकीच्या घरी निरोप येतो: "झाले गेले विसरा, सूनबाईला पाठवून द्या." सहा महिने कोणी साधी विचारपूस केलेली नसते. अशा वेळी लेकीला एसटीत बसवून देण्याआधी एक गोष्ट विचारून घ्यावी. बोलावणे कोणाला आले आहे? बायकोला, की रोवण्याला लागणाऱ्या दोन हातांना?

मोडलेला संसार जुळला तर कोणाला आवडणार नाही? पण भंडारा तर पितळी भांड्यांचे गाव. गळक्या भांड्याला डाख देणारा कारागीर आधी त्यात पाणी भरतो आणि गळते कुठे ते पाहतो. आपण मात्र संसाराच्या बाबतीत नेमके तेच टाळतो. चार पंच बसतात, चहा होतो, नवरा 'आता चुकणार नाही' म्हणतो आणि बैठक उठते. भांडण कशावरून झाले, हे त्या मुलीला कोणी विचारतच नाही.

ते विचारावे. दारू होती, तर ती सुटून किती दिवस झाले? मारहाण होती, तर त्याने ती चारचौघांत कबूल केली का? नुसता रुसवा किंवा गैरसमज असेल, तर दोघांनी एकदा समोरासमोर बसून बोलावे. अशी कितीतरी घरे पुन्हा सुखाने नांदतात. आणि चूक बायकोची असेल, तर तिनेही ती मोकळेपणाने मान्य करावी. पण जिवाला धोका असेल, तिथे घाई नको.

बळजबरीने संसार होत नाही, हे आपल्याकडे फार पूर्वीच दिसून आले आहे. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न लहानपणीच झाले होते. त्या नांदायला येत नाहीत म्हणून नवऱ्याने 1884 साली दावा लावला. 1887 मध्ये कोर्टाने सांगितले, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या तुरुंगाला तयार झाल्या, नवऱ्याघरी गेल्या नाहीत. शेवटी 1888 मध्ये तडजोड झाली. पुढे विलायतेत शिकून त्या डॉक्टर झाल्या.

आजचा कायदाही समेटाला जागा ठेवतो. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे बहुतेक प्रकरणांत न्यायाधीशाने आधी दोघांना जुळवून पाहायचे असते. नांदायला जाण्याचा हुकूम मिळाला, तरी त्यासाठी आज बायकोला तुरुंगात टाकता येत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना वकिलाची मदत मोफत मिळते. छळ होत असेल, तर 2005 च्या कायद्याने संरक्षण मागता येते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. असे मूल वर्गात गप्प बसते, पाटी-पुस्तक विसरते. त्याला 'तू कोणाकडे राहणार?' असे विचारू नका. त्याच्या हाती निरोपही देऊ नका. 'लेकरांसाठी परत जा' असे म्हणणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे, की रोज मार पाहणाऱ्या लेकराला ते घर आधार देत नाही.

तेव्हा निर्णय त्या दोघांचा. आपण वडीलधाऱ्यांनी त्यांना वेळ द्यावा आणि लेक परतली नाही, तरी माहेरचे दार तिला उघडे ठेवावे. जाणारीने रोवण्याचे हात म्हणून जाऊ नये. घरची म्हणून जावे.