वीज कोणाची, झळ कोणाला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



विजेच्या प्रश्नात सरकारची भूमिका कोणती असावी, यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. सरकारने धंद्यात पडू नये, केवळ पंच म्हणून उभे राहावे, असे एक पक्ष म्हणतो. वीजघर सरकारच्या मालकीचे झाले की समाजवाद आला, अशी दुसऱ्या पक्षाची समजूत असते. महाराष्ट्राच्या अनुभवाने हे दोन्ही पक्ष अपुरे ठरविले आहेत. मुळशी, कोयना आणि दाभोळ ही तीन नावे त्याची साक्ष देतात.

पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात टाटांच्या कंपनीने मुंबईला वीज देण्यासाठी धरण बांधावयास घेतले. त्याविरुद्ध १९२१ च्या रामनवमीला मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट हे या लढ्याचे नेते. परकीय सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचे बळ कंपनीच्या पाठीशी उभे केले. वीज मुंबईला मिळाली, भाताची खाचरे पाण्याखाली गेली. येथे सरकार कंपनीचे मुखत्यार होते.

स्वातंत्र्यानंतर कोयनेला सरकार स्वतःच मालक झाले. कृष्णेच्या खोऱ्यातील पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणात उतरवून वीज निर्माण करणे, ही भारतीय अभियंत्यांची अभिमानास्पद कामगिरी होय. धरणाच्या पायथ्याचे वीजघर धरून कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट आहे. खाजगी भांडवलाने एवढे मोठे आणि दीर्घ मुदतीचे काम त्या काळी अंगावर घेतले नसते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु धरणग्रस्त दूरदूरच्या जिल्ह्यांत विखुरले गेले. राज्यात पुनर्वसनाचा कायदा झाला तो १९७६ साली. तोपर्यंत कोयनेचे पाणी अडवून दशक उलटून गेले होते. जमिनीच्या हक्कासाठी विस्थापितांच्या पुढच्या पिढ्यांनाही मोर्चे काढावे लागले. मालकी बदलली, पण त्याग कोणी करावयाचा हे बदलले नाही.

दाभोळला सरकारने तिसरी भूमिका घेतली, ती हमीदाराची. १९९३ च्या डिसेंबरात राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. स्पर्धात्मक निविदा मागविल्या नव्हत्या. वीज उचलली नाही तरी स्थिर आकार द्यावयाचा आणि डॉलर महागला की दरही चढावयाचा, अशा त्याच्या अटी होत्या. त्यावर राज्याची हमी आणि केंद्राची प्रतिहमी. जागतिक बँकेनेही १९९३ साली या प्रकल्पाला कर्ज नाकारले होते. १९९५ साली नव्या सरकारने करार मोडला आणि १९९६ साली क्षमता वाढवून पुन्हा केला. गुहागरच्या ग्रामस्थांनी विरोध केला, तेव्हा त्यांच्या वाट्याला लाठ्या आणि अटका आल्या. २००१ साली न परवडणारी वीज घेणे मंडळाने थांबविले आणि वर्षअखेरीस एन्रॉनचेच दिवाळे वाजले. २००५ साली तो कारखाना सावरण्यासाठी सार्वजनिक कंपन्यांनाच पुढे व्हावे लागले. नफ्याचे खाजगीकरण आणि तोट्याचे राष्ट्रीयीकरण म्हणतात ते हेच.

मुखत्यार, मालक, हमीदार या तिन्ही भूमिकांत एक उणीव समान आहे. जो जमीन देतो आणि जो वीजबिल भरतो, त्यांना निर्णयापूर्वी कोणी विचारले नाही. प्रश्न केवळ मालकीचा नाही, उत्तरदायित्वाचा आहे.

आज सौरऊर्जेच्या रूपाने हाच प्रश्न नव्याने उभा आहे. रात्री-अपरात्री विंचूकाट्यात पंप सुरू करावयास जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणे ही न्याय्य गोष्ट आहे, आणि त्यासाठी गावाजवळ सौर प्रकल्प उभारण्याच्या धोरणाचे स्वागतच केले पाहिजे. पण या प्रकल्पांसाठी घेतल्या जाणाऱ्या सरकारी जमिनींत गायरानेही आहेत. सातबाऱ्यावर ती शासनाची असतील. परंतु शेळ्या चारणाऱ्या आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या पोट भरणाऱ्या भूमिहीनांचा तोच एकमेव आधार आहे. सूर्य कोणाच्या मालकीचा नाही, जमीन मात्र आहे. धूर नसलेली वीजही अन्यायाची असू शकते.

म्हणून समाजवादी कार्यकर्त्यांनी तीन मागण्या गावोगाव नेल्या पाहिजेत. पहिली, प्रत्येक वीजकराराचा मसुदा सही होण्यापूर्वी लोकांपुढे यावा. दुसरी, गायरानाचा निर्णय ग्रामसभेत व्हावा, आणि त्यावर जगणाऱ्यांना पर्यायी जमीन व उत्पन्नात कायमचा वाटा मिळावा. तिसरी, वीजवहनाचे जाळे सार्वजनिक मालकीतच राहावे; कारण ते ज्याच्या हाती, त्याच्या हाती अंधारउजेडाची किल्ली.

तंत्रज्ञान कोणते आणावे हे शास्त्रज्ञ सांगू शकतील. त्याचा भार कोणी उचलावा आणि लाभ कोणाला मिळावा, हे ठरविणे हेच सरकारचे खरे काम. ते काम त्याच्याकडून करवून घेणे, ही लोकशक्तीची जबाबदारी आहे.