मीटरच्या पेटीचे दार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी माझी जागा आत, पोह्यांच्या पातेल्यापाशी. यंदा चिटणीसबाईंनी धरून इथे उभे केले. "तो दाराचा प्रकार सर्वांना सांगाच," म्हणाल्या. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, विजेचे शास्त्र मला येत नाही. पण चूक माझी होती, तेव्हा सांगण्याचा अधिकारही माझाच.

आमची इमारत भाईंदर पश्चिमेची, १९८५ साली इथे नगरपालिका झाली त्याच्याही आधीची. सगळ्या बिऱ्हाडांचे मीटर बाहेरच्या भिंतीवर एका लोखंडी पेटीत. आपल्याकडे एका अंगाला खाडी, मिठागरे, दुसऱ्या अंगाला उत्तनचा समुद्र. हवेतच मीठ आहे. खिडकीचे गज काय नि टाकीचे झाकण काय, गंज कोणाला सोडत नाही. पेटीचे दार आम्ही दिवाळीला रंगवत असू, पण रंग लागतो तोंडाला आणि गंज धरतो खालच्या दुमडलेल्या कडेला, जिथे पाणी साचते. दोन वर्षांपूर्वी जूनच्या सुरुवातीला दार बिजागरीपासून सुटून खाली आले.

सोसायटीची सभा व्हायची होती, पुरुषमंडळींना रविवारशिवाय वेळ नाही, आणि पाऊस तर दाराशी आलेला. मी म्हटले, तोवर आपणच काही करावे. माळ्यावर सासूबाईंची जुनी पत्र्याची ट्रंक होती. तिचे झाकण काढले, तारेने पेटीवर आवळून बांधले. झाकण अगदी बेताचे बसले. चार जणींनी कौतुकही केले, आणि खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले.

आठवड्याने आमच्याकडे येणारी उत्तनची कोळीण मावशी पावसातून आली. टोपली उतरवताना आधाराला म्हणून तिने त्या झाकणावर हात टेकला आणि ओरडून मागे पडली. बोंबील, मांदेली सगळी पाण्यात. माझ्या घरच्यांनी, म्हणजे यांनी, धावत जाऊन आतला मोठा स्विच बंद केला. मावशीचा हात कितीतरी वेळ थरथरत होता. दवाखान्यात नेले, डॉक्टरांनी तासभर ठेवून घेतले. देवाच्या दयेने निभावले. मी मासळीचे पैसे पुढे केले तर म्हणाली, "पोरी, मासळी जाऊ दे, माझा हात हाय ना जाग्यावर ते बघ." त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी परवानाधारक वायरमन आले. त्यांनी दाखवले की माझ्या झाकणाची धार एका तारेच्या रबरावर घासून घासून आत उतरली होती. पेटीची अर्थिंगची तार तर गंजून केव्हाच तुटलेली. मी विचारले, "मग फ्यूज का उडाला नाही?" ते म्हणाले, "वहिनी, फ्यूज तारेला जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही." माणसाचा जीव घ्यायला पुरेल एवढी वीज फ्यूजच्या हिशेबी काहीच नसते. म्हणून आता घराघरात तो वेगळा स्विच लावतात, तीस मिलिअँपिअरची गळती झाली की बंद पडणारा. पण तो बसतो मीटरच्या पुढे, घराच्या बाजूला. मीटरच्या पेटीत जे घडेल त्याला तो काही करू शकत नाही. तिथे पेटी आणि दार हीच राखण.

रविवारी सभा झाली. चौघांच्या चार सूचना. एक म्हणाले, प्लायवूड लावा, वर सनमायका, स्वस्तात काम. दिसायला छान, पण लाकूड पावसात पाणी पिते, फुगते, दार लागेनासे होते. आणि आत एखादी जोड सैल राहून तापली तर लाकडाने पेट घ्यायला वेळ लागत नाही. आमची पेटी जिन्याच्या तोंडाशी. धूर जिन्यातूनच वर चढणार आणि माणसे जिन्यातूनच खाली उतरणार. मी हे बोलले तेव्हा सभेत दोन मिनिटे कोणी बोलले नाही. दुसऱ्यांचे म्हणणे, दुकानाच्या पाटीला असते तसे पारदर्शक अॅक्रिलिक लावा, आकडे बाहेरून दिसतील. तेही पेटले की पेटतच राहते. तसेच दिसणारे पॉलिकार्बोनेट वेगळे. चांगल्या प्रतीचे असेल तर ज्योत दूर केल्यावर ते सहसा विझते. दोन्ही शेजारी ठेवली तर आपल्याला ओळखू यायची नाहीत, म्हणून दुकानदाराकडून बिलावर नाव लिहून घ्यावे.

अॅल्युमिनियमची सूचना मला आवडली होती, ते तांबडे गंजत नाही. पण त्यातून वीज वाहते, आणि लोखंडी स्क्रू मारले की खाऱ्या हवेत स्क्रूच्या भोवतीचे अॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडते. लोखंडाचेच दार हवे तर जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे, वर पावडर कोटिंग, आणि दारालाही अर्थिंगची वेगळी लवचीक तार. नुसत्या बिजागरीवर भिस्त ठेवू नये; बिजागरी गंजली की जोड गेली. शिवाय मुलामा दिलेला पत्रा जिथे कापाल किंवा भोक पाडाल तिथूनच गंज सुरू होतो.

शेवटी ठरले फायबरग्लासचे, आगीला दाद न देणाऱ्या प्रतीचे. त्यातून वीज वाहत नाही, खारी हवा त्याला खात नाही. दोष त्यातही आहे: हलके असेल तर काही वर्षांच्या उन्हाने त्याचे काचतंतू वर येतात आणि हाताला टोचतात. म्हणून उन्हात टिकणारे मागावे.

एक गोष्ट मात्र वायरमनदादांनी सांगितली नसती तर आम्ही पुन्हा फसलो असतो. पेटीवर "आयपी ५५" असा आकडा असतो. पहिला पाच धुळीसाठी, दुसरा पाण्याच्या फवाऱ्यासाठी. हा आकडा दारासकट, रबराच्या पट्टीसकट आख्ख्या पेटीचा असतो. सुताराकडून नवे दार करून लावले की तो आकडा संपला. म्हणून त्याच पेटीचे दार मिळाले तर उत्तम, नाहीतर पेटीच बदलावी. आम्ही पेटी बदलली. खर्चाची कुरकुर झाली, अजूनही होते.

मीटरचे सील आपण तोडायचे नाही. आम्ही वीज कंपनीकडे अर्ज केला, त्यांची माणसे आली, सकाळपासून दुपारपर्यंत वीज बंद ठेवून काम झाले. चालू विजेवर भिंतीत वा पेटीत भोक पाडू देऊ नका. ड्रिलचा लोखंडी कीस तारांवर पडतो. पेटी आम्ही जरा वर घेतली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तो दिवस इथे कोण विसरले आहे?

आणि हो, पेटीत झाडू, चपला, जुने दिवे ठेवू नका. आमच्या पेटीतून पालीची अंडी नि गांधीलमाश्यांचे पोळे निघाले! किल्ली पहारेकऱ्याजवळ, दुसरी तळमजल्यावरच्या काकूंकडे खुंटीला. रात्री-अपरात्री स्विच बंद करायची वेळ आली तर सेक्रेटरींना उठवत बसायला नको.

मावशी अजून शुक्रवारी येते. नवे दार मी तिला हात लावून दाखवले, ती हसली. पण टोपली मात्र समोरच्या कठड्यावरच उतरवते.