पोरांना कोणती लक्ष्मीबाई माहीत आहे?
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आम्ही शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकावर बोलणार आहोत. विहारात हे कशाला, असे कुणी म्हणेल. पण पोरं रोज जे वाचतात तेच त्यांच्या मनात घर करते.

इथल्या कुठल्याही पोराला विचारा, १८५८ साली लक्ष्मीबाईने काय केले? तो झाशीची गोष्ट घडाघडा सांगेल. सांगावीच. पण त्याच साली आपल्या अहेरीलाही एक लक्ष्मीबाई होती, जमीनदारीण. तिने बाबुराव पुल्लेसूर शेडमाके यांना पकडून इंग्रजांच्या हवाली केले. बाबुरावांनी गोंड आणि रोहिल्यांची फौज उभारून राजगड परगणा घेतला होता. एप्रिल महिन्यात प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारखात्याच्या तळावर हल्ला झाला, त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला बाबुरावांना फाशी झाली. वय अवघे पंचवीस! टपाल खात्याने २००९ मध्ये त्यांचे तिकीट काढले. धड्यात मात्र झाशी पानभर आणि चांदा एखादी ओळ, तीही असली तर.

असे का होते? पहिले लिहिणारे इंग्रज अधिकारी, त्यांच्या लेखी हे 'बंड'. नंतरची पुस्तके पुण्यात तयार झाली, तिथून जंगल दिसत नाही. आणि ही गोष्ट 'इंग्रज तिकडे, आपण इकडे' अशा सोप्या धड्यात बसतही नाही. पकडून देणारी आपल्याच मुलखाची, आणि बाबुरावही जमीनदार घराण्यातलेच. आमचे म्हणणे, मुलांना ती गुंत्यासकट सांगा. पोरं समजतात हो!

दीक्षेचेही तसेच. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर, हे सर्वांना पाठ. १६ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली, हे किती पोरांना ठाऊक? अहेरी तेव्हा चांदा जिल्ह्यातच होती.

बाबासाहेब १९१३ साली ज्या अमेरिकेत शिकायला गेले, तिथल्या शाळांतही कोलंबसाने अमेरिका 'शोधली' असेच शिकवीत. म्हणजे आधीपासून राहणारे माणसांत मोजलेच नाहीत. गुलामगिरी भोगलेल्या आईबापांचा मुलगा कार्टर वुडसन, त्याने १९२६ साली सरकारची वाट न पाहता 'नीग्रो इतिहास सप्ताह' सुरू केला. पुढे तो महिनाभराचा झाला. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली होती, हेही पोरांना सांगावे.

म्हणून आमची सूचना अशी. येत्या २१ ऑक्टोबरला गोंड समाजातील वडीलधाऱ्यांना विहारात बोलवावे, त्यांनी त्यांच्या बोलीत बाबुराव सांगावेत. आणि चांद्याला पायी, बैलगाडीने जे गेले त्यांच्या आठवणी मुलांनी लिहून घ्याव्यात. तेव्हा दहा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या घरात आहेत, फार थांबता येणार नाही. वह्या-पेन विहाराच्या निधीतून द्यावेत. रविवारी वंदना झाली की सुरुवात करू.

जयभीम.