झुरीचे मोल



रॉबिन्सन क्रूसो मला शाळेत भेटला तो एका संक्षिप्त मराठी पुस्तकातून. वादळ, फुटलेले जहाज, ओसाड बेट, वाळूत उमटलेले पाऊल... मी हरखून गेलो होतो. पुढे डॅनिएल डिफोची १७१९ सालची मूळ कादंबरी वाचली. ते जहाज आफ्रिकेतून गुलाम आणायला निघाले होते, हे तेव्हा कळले.

झुरीही माझ्या पुस्तकात नव्हता. क्रूसो स्वतः साले बंदरात गुलाम होता. तेथून होडीतून निसटताना हा पोरगा त्याच्या सोबत होता. अनोळखी किनाऱ्यावर पाण्यासाठी उतरायची वेळ आली, तेव्हा ‘मी जातो, माझे काही झाले तर तू निघून जा’, असे तो म्हणाला. त्याच झुरीला क्रूसोने पोर्तुगीज कप्तानाला साठ नाण्यांना विकले. ख्रिस्ती झाल्यास दहा वर्षांनी मुक्त करीन, एवढे कप्तानाने कबूल केले. पुढे पश्चात्ताप झाला, तोही मळ्यावर माणसे कमी पडली म्हणून!

हे दूरचे, परक्यांचे म्हणून आपल्याला गोव्यात बसून सोडून देता येणार नाही. लिन्शोटेन या डच प्रवाशाच्या १५९६ च्या ग्रंथात जुन्या गोव्यात भररस्त्यात होणाऱ्या गुलामांच्या विक्रीचे वर्णन आहे.

मग अशी पुस्तके मुलांना द्यावीत का? अवश्य द्यावीत, पण वयाचे भान ठेवून, आणि शक्य तेव्हा पूर्ण. काटछाट करणाऱ्याचा हेतू चांगला असतो; पण अपराध गाळला की नायक आयताच निष्पाप ठरतो. शिवाय चांगलेही गळून जाते. क्रूसो फ्रायडेला नाव देतो, स्वतःला ‘मालक’ म्हणायला शिकवतो. त्याचे मूळ नाव मात्र विचारत नाही. हाच फ्रायडे पुढे विचारतो, देव एवढा समर्थ आहे, तर सैतानाला मारून का टाकत नाही? क्रूसो ऐकू न आल्यासारखे करतो. पूर्वग्रहांनी भरलेल्या याच पुस्तकात शिष्य गुरूला निरुत्तर करतो. जे. एम. कुट्सी यांच्या १९८६ च्या ‘फो’ या कादंबरीतल्या फ्रायडेला जीभच नाही. मूळ कथा वाचलेल्याला त्या मुकेपणाचा अर्थ अधिक खोल कळतो.

शिक्षक मित्रांना एकच विनंती. वर्गात एक तास झुरीला द्या. दहा वर्षांनंतर त्याचे काय झाले, हे कादंबरी सांगत नाही. ते मुलांना लिहू द्या.