आधी झोपेचं बोला



  

या अधिवेशनाचा विषय आहे ‘कठीण काळातील मानसिक आरोग्य आणि ताणाचं नियोजन’. अध्यक्षानं आढावा घ्यायची प्रथा आहे, तीही पाळतो. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९९६ पासून तो जिल्ह्यांकडे निघाला. २०१७च्या कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं, आणि त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी ठरवली. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर फोन करून बोलता येतं. हे सगळं चांगलं झालं. आढावा संपला.

आता मला जे बोलायचं आहे ते. सकाळपासून या सभागृहात ताणावर सहा व्याख्यानं झाली. श्वासावर झालं, सजगतेवर झालं, कृतज्ञतेची वही लिहिण्यावर झालं. झोपेला मिळाली एका स्लाइडवरची एक ओळ: ‘सात-आठ तास शांत झोप घ्यावी.’ घ्यावी! कुणी? कुठे? किती वाजता?

मी मराठवाड्यात प्रॅक्टिस करतो. आमच्याकडे शेतीपंपाला थ्री फेज लाइट पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की माणूस बॅटरी घेऊन बाराला-एकला शेतात जातो, मोटार चालू करतो आणि पहाटेपर्यंत दारं धरतो. विंचू-काट्याचं, सापाचं भय असतंच. मध्येच लाइट गेली तर ती येईल या भरवशावर बांधावर बसून राहायचं. सकाळी धारा काढायच्या असतात, सोसायटीत, बँकेत जायचं असतं. असा माणूस बायकोवर खेकसतो, हिशोबात चुकतो, कारण नसताना रडतो. मग कुणीतरी त्याला आपल्याकडे आणतं, आणि आपण त्याला ताणाचं नियोजन शिकवतो.

निद्रानाश हे नैराश्याचं लक्षण की कारण, यावर काल इथे दोन विद्वान मित्र तासभर भांडले. माझ्यापुरता हा वाद एका गव्हाच्या हंगामात मिटला. गेवराईकडचा एक शेतकरी बायकोबरोबर आला होता. माझ्या तरुण सहकाऱ्यानं त्याची उत्तम केस लिहिली होती: कर्ज, बापाचं आजारपण, भावकीतला बांध. सगळं होतं, फक्त लाइटची पाळी नव्हती. मी विचारली. मग गोळी लिहायच्या आधी त्याच्या धाकट्या भावाला बोलावलं आणि रात्रीचं पाणी द्यायचं काम काही दिवस त्याच्यावर सोपवलं. पुढच्या खेपेला तोच शेतकरी स्वतः गाडी चालवत आला. कर्ज तेवढंच होतं, बांधही तिथेच होता, पण आता त्यावर तो सरळ बोलू शकत होता. सगळेच असे बरे होत नाहीत, हे मला शिकवायला नको. पण कारण की लक्षण हे ठरवायच्या आधी माणसाला झोपू तरी द्या.

झोप उडाली की उन्मादाचा झटका येऊ शकतो, हे आपण विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी शिकवतो. शरीराच्या घड्याळावरच्या संशोधनाला २०१७चं नोबेल मिळालं, तेव्हा आपण पेढे वाटले. जुन्या निद्रानाशावर गोळीआधी वर्तनोपचार द्यावा, असं अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१६ साली सांगितलं, आणि तेही आपण पाठ केलं. त्या उपचाराचा एक मुख्य नियम म्हणजे रोज ठरलेल्या वेळी उठा. हा नियम ऊसतोडीच्या फडावर सांगून पाहा. मध्यरात्री ट्रक आला की टोळीला उठून खेप भरावी लागते, डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवर चढावं लागतं. त्याआधी टोळीतल्या बाईनं दिवसभर कोयता चालवलेला असतो, कोपीत स्वयंपाक केलेला असतो. उचल फिटेपर्यंत तिच्या उठण्याची वेळ मुकादम ठरवतो.

झोप मिळवून देता येते, हे मी किल्लारीत पाहिलं. तिथला भूकंप ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे चारच्या सुमारास झाला. विसर्जनाच्या रात्री दमून झोपलेली माणसं घराखाली गेली. वाचलेल्यांत मी काम केलं. छप्पर दिसलं की त्यांच्या अंगाला कापरं भरायचं, डोळा लागायचा नाही. आम्ही पुस्तकं घेऊन गेलो होतो. एका वस्तीवरच्या म्हाताऱ्यांनी आपणहून पाळी लावली: दोघं जागे राहणार, बाकीच्यांनी निजायचं, जमीन हलली तर हाक मारायची. हळूहळू तिथली लेकरं झोपू लागली, मग आया. ते म्हातारे आज हयात नाहीत. इतका नेमका मानसोपचार मी नंतर फार थोड्या ठिकाणी पाहिला.

म्हणून म्हणतो, झोप हा सल्ल्याचा विषय नाही, हक्काचा आहे, आणि त्यासाठी भांडायचं असतं. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. माझ्या मते तो या राज्यातला मानसिक आरोग्याचा मोठा कार्यक्रम आहे. आपल्या एकाही ठरावात त्याचं नाव नाही. रात्रीच्या लाइटविरुद्ध शेतकरी रस्त्यावर बसले, त्यांच्या शेजारी आपल्यापैकी कुणी बसलं नाही. एसटीचे चालक, बंदोबस्तावरचे पोलीस, रात्रपाळीच्या नर्सबाई यांच्याबद्दलही हेच. तिथे आपण फक्त तणावमुक्तीची शिबिरं घेतो, आणि तीसुद्धा त्यांच्या सुट्टीच्या दिवशी!

या वर्षी संघटनेनं झोपेची एक नोंदवही तालुक्यातालुक्यांत सुरू करावी, वीज आणि कामगार खात्यांसमोर ती ठेवावी, असं माझ्या मनात आहे. नोंदी कशा घ्यायच्या, पैसे कुठून येणार, हे कार्यकारिणीनं बसून ठरवावं.

तोवर एवढंच करा. सोमवारी ओपीडीत पहिला शेतकरी समोर बसला की त्याला विचारा, रात्री लाइट किती वाजता येते, आणि उत्तर केसपेपरवर सर्वांत वर लिहा.