खाटेवरचे मूल आणि त्याचे चित्र
(मालेगाव येथील साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



घरात मूल आजारी पडले की आपण डॉक्टरला दाखवतो. औषध देतो, पेज देतो. मग म्हणतो, "आता गपचूप पडून राहा." मूल पडून राहते. बाहेर माग खडखडत असतात, पोरे गल्लीत खेळत असतात. आठ दिवस जातात, महिना जातो. त्या लेकराच्या मनात काय चालले आहे, हे कोणी विचारते का? आज आम्ही तेच बोलणार आहोत.

सतीश गुजराल नावाचे मोठे चित्रकार होऊन गेले. १९२५ साली झेलम गावी त्यांचा जन्म झाला. ते गाव आता पाकिस्तानात आहे. आठ वर्षांचे असताना काश्मीरात एका पुलावर त्यांचा पाय घसरला. पाय मोडला, दुखणे चिघळले आणि ऐकू येणे गेले. मुलगा फार दिवस अंथरुणाला खिळला. बहिऱ्या मुलाला शाळा घेईनात. घरची माणसे बोलत, याला नुसते ओठ हललेले दिसत. मग आपण कोण? ना शाळकरी, ना खेळगडी! एके दिवशी त्याला फांदीवर पक्षी दिसला. त्याने तो कागदावर काढला. तेव्हापासून हातातली पेन्सिल सुटली नाही.

१९४४ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आले. तिथेही आजाराने गाठले. १९४७ साली शिक्षण अर्धवट सोडावे लागले. त्याच साली देशाची फाळणी झाली. माणसांचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि पुढे रंगवले. ज्याला रडणे ऐकू येत नव्हते, त्याने रडणारी माणसे काढली, बघा!

१९५२ साली ते दूर मेक्सिको देशात शिकायला गेले. तिथे फ्रिडा काहलो या चित्रकार बाईंशी त्यांची ओळख झाली. बाईंना सहाव्या वर्षी पोलिओ झाला होता. उजवा पाय बारीक राहिला, पोरे चिडवीत. अठराव्या वर्षी बसचा अपघात झाला. आईने खाटेवर आरसा लावून दिला. आरशात पाहून बाई स्वतःचाच चेहरा काढू लागल्या. लोकांनी त्यांचा पाय पाहिला होता. त्यांनी आपला चेहरा दाखवला. आम्हाला त्या आईचे मोठे कौतुक वाटते.

(पोलिओचे डोस घेतल्याने आपल्या देशातून तो रोग गेला. २०१४ साली तसे जाहीर झाले. पण २०२२ साली मालेगावात गोवराची साथ आली होती. गोवराने कधी कान जातो, कधी डोळा. लस चुकवू नका.)

आता आपल्या घराकडे येऊ. रंग महाग, असे कोणी म्हणेल. अहो, पाटी आहे, खडू आहे, चुलीतला कोळसा आहे! आजारी मूल कधी खाट डोंगराएवढी काढील आणि स्वतःला मुंगीएवढे. नाशिकच्या किंवा मुंबईच्या दवाखान्यात असले तर आपली गल्ली काढील, मोसम नदी काढील. "हे काय, गाढव की घोडा?" म्हणून हसू नका. चूकही दुरुस्त करू नका. जवळ बसा आणि विचारा, "यात तू कुठे आहेस, बाळ?" उत्तर यायला वेळ लागेल. तोवर थांबा. एका चित्रावरून भलता अर्थ मात्र काढू नका. मूल सांगेल तेच ऐका. काही दुखते-खुपते असे कळले तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

आज आम्ही कोरे कागद आणि रंगीत खडू आणले आहेत. ज्यांच्या घरी मूल आजारी आहे, त्यांनी जाताना घेऊन जावेत.