खेळांतली बंदूक आणि खरा कायदा

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं श्रोत्यांस नवल वाटेल. पांढरपेशा घरांत बंदुकीचें नांव निघतें तें बहुधा दिवाळींतल्या टिकल्यांपुरतेंच. तिच्या कायद्याशीं आपला काय संबंध, असें कोणीही विचारील. परंतु हल्लीं पुण्या-मुंबईच्या व नाशिक-नागपूरच्या अनेक घरांतून मुलें-मुली उच्च शिक्षणासाठीं इंग्लंडास जातात. तेथें सुट्टीच्या दिवशीं सोबती त्यांस एका नव्या खेळास घेऊन जातात. त्या खेळाचें नांव एअरसॉफ्ट. दोन-चार वेळां खेळून झालें, कीं मुलगा घरीं कळवितो, “मी स्वतःची बंदूक घ्यावी म्हणतों.” हें वाचून आईबापांच्या पोटांत गोळा येतो. रागवावें कीं हंसावें, हेंच त्यांस कळेनासें होतें.

अशा आईबापांसाठीं आजचें भाषण आहे. मी वकील नव्हे. मॅट्रिक होऊन पुढें सारें आयुष्य शाळेंत घालविलेला एक निवृत्त मास्तर आहें. परंतु कठीण मजकुराची फोड करून सांगणें हें मास्तराचेंच काम. तेवढेंच मी येथें करणार आहें.

प्रथम हा खेळ काय आहे तें पाहूं. मोकळ्या रानांत किंवा एखाद्या ओस पडलेल्या कारखान्यांत दोन पक्ष करून लुटुपुटीची लढाई खेळावयाची. खेळाडूच्या हातांत बंदूक असते, परंतु तींत दारू नसते. स्प्रिंग, विजेची बॅटरी किंवा दाबलेला वायु यांच्या जोरानें ती प्लास्टिकची वाटोळी गोळी फेंकते. गोळीचा व्यास बहुधा ६ मिलिमीटर, आणि वजन पाव ग्रॅमच्या आसपास. गोळी लागली कीं खेळाडूनें आपण होऊन हात वर करावयाचा व बाजूस व्हावयाचें. पंच असतात; तरी खेळ चालतो तो मुख्यतः खेळाडूच्या प्रामाणिकपणावर. तेव्हां खेळ वाईट आहे असें मी म्हणणार नाहीं.

हा खेळ जन्मला जपानांत. त्या देशांत सामान्य माणसास पिस्तुल बाळगतां येत नाहीं. म्हणून हौशी लोक त्याच्या हुबेहूब प्रतिकृति बाळगीत. १९७१ सालीं तेथील सरकारनें असा निर्बंध घातला, कीं धातूच्या पिस्तुलांच्या प्रतिकृति पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगाच्या असाव्या व त्यांची नळी बुजविलेली असावी. पुढें प्लास्टिकची गोळी फेंकणारी बंदूक लोकप्रिय झाली. २००६ सालीं तिच्या जोरावरही मर्यादा आली. ६ मिलिमीटरच्या गोळीस ती सुमारें ०.९८ जूल पडते. या दोन निर्बंधांत आजच्या विषयाची किल्ली आहे. पहिला निर्बंध रूपाचा, दुसरा जोराचा. कोणत्याही देशाचा कायदा घ्या. तो या बंदुकीस हेच दोन प्रश्न विचारतो. तुझा जोर किती? आणि तूं दिसतेस कशी? नवखा खेळाडू पहिल्या प्रश्नाचा अभ्यास आवडीनें करतो. दुसऱ्याकडे त्याचें दुर्लक्ष होतें, आणि खरें संकट येतें तें या दुसऱ्याच बाजूनें.

आधीं जोराचा प्रश्न घेऊं. जूल हें शक्तीचें माप आहे. १०० ग्रॅम वजनाचा पेरू एक मीटर उंचीवरून खालीं पडला, कीं त्यांत जवळजवळ एक जूल शक्ति असते. तीच शक्ति ०.२० ग्रॅमच्या गोळीस दिली तर तिचा वेग सेकंदास १०० मीटर होतो. पेरू डोक्यावर पडला तर माणूस डोकें चोळून हंसेल. परंतु तेवढीच शक्ति वाटाण्याहून लहान गोळींत सांठून डोळ्यावर आली, तर डोळा जाईल. म्हणून मैदानावर डोळे पूर्ण झांकणारा भक्कम चष्मा घातल्याशिवाय पाऊल टाकूं नये.

ब्रिटनचा बंदुकांविषयींचा मूळ कायदा १९६८ चा. २०१७ च्या कायद्यानें त्यांत ५७-अ हें कलम घालून एअरसॉफ्ट बंदुकीची व्याख्या केली. ती बंदूक केवळ प्लास्टिकची वाटोळी गोळी फेंकण्यासाठीं बनविलेली असावी. गोळीचा व्यास ८ मिलिमीटरहून अधिक नसावा. एका चापास एकच गोळी सोडणारी बंदूक असेल तर नळीच्या तोंडाशीं गोळीची शक्ति २.५ जूलहून अधिक नसावी. चाप दाबून धरतांच गोळ्यांची सर सोडणारी असेल तर ती १.३ जूलहून अधिक नसावी. ०.२० ग्रॅमच्या गोळीच्या हिशेबानें हे वेग सेकंदास सुमारें १५८ व ११४ मीटर येतात. या मर्यादेंतली बंदूक त्या कायद्याच्या दृष्टीनें खरें अग्निशस्त्र नव्हे, आणि ती बाळगण्यास परवाना लागत नाहीं. मर्यादा ओलांडली कीं हें संरक्षण गेलें. मग गोळ्यांची सर सोडणारी बंदूक तर थेट बंदी असलेल्या शस्त्रांच्या वर्गांत जाऊं शकते. यास्तव नवख्यानें हौसेखातर बंदुकींत अधिक ताठ स्प्रिंग बसविण्याच्या भरीस पडूं नये. मैदानावर वेग मोजण्याचें यंत्र असतें. त्यावर आपली बंदूक वेळोवेळीं तपासून घ्यावी.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. उत्तर आयर्लंडचा कायदा निराळा आहे व तेथील मर्यादा एक जूलची आहे. स्कॉटलंडांत ३१ डिसेंबर २०१६ पासून छऱ्याच्या हवाई बंदुकीस परवाना लागतो. मर्यादेंतल्या एअरसॉफ्टला तो लागत नाहीं. एकाच राज्यांत प्रांतागणिक नियम बदलतात, मग देश बदलल्यावर किती बदलत असतील, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

आतां रूपाचा प्रश्न. २००६ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें हिंसक गुन्ह्यांस आळा घालणारा एक कायदा केला. त्यांतील संबंधित कलमें १ ऑक्टोबर २००७ पासून अमलांत आलीं. त्यान्वयें हुबेहूब दिसणारी खोटी बंदूक बनविणें, विकणें किंवा परदेशांतून आणणें हा अपराध ठरला. हुबेहूब कोणती व नव्हे कोणती, हेंही नियमांनीं सांगितलें आहे. जिचा मुख्य रंग भडक तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, गुलाबी, जांभळा किंवा निळा असेल, किंवा जी पारदर्शक असेल, ती हुबेहूब मानीत नाहींत. तसेंच ३८ मिलिमीटर उंची व ७० मिलिमीटर लांबी यांहून लहान असलेली चिमुकली प्रतिकृतिही मानीत नाहींत. म्हणूनच दुकानांत अर्धीअधिक निळी किंवा हिरवी अशी दुरंगी बंदूक दिसते. अशी दुरंगी बंदूक विकत आणून घरीं तिला काळा रंग देणें ही पुष्कळांस निरुपद्रवी हौस वाटते. परंतु खोट्या बंदुकीचें रूप पालटून ती हुबेहूब करणें हेंही त्याच कायद्यानें अपराधांत घातलें आहे.

मग खेळाडूंच्या हातीं काळ्या बंदुका येतात कोठून? कायद्यानें कांहीं कारणें मान्य केलीं आहेत. संग्रहालय, नाटक, चित्रपट, ऐतिहासिक लढायांचे देखावे हीं त्यांपैकीं होत. तृतीय पक्षाच्या नुकसानीचा विमा उतरून चालविलेल्या एअरसॉफ्टच्या लढाया हेंही त्यांतच येतें. गिऱ्हाईक खरोखर खेळाडू आहे याचा पुरावा दुकानदारास हवा असतो. त्यासाठीं तेथील एअरसॉफ्ट विक्रेत्यांच्या संघानें, यूकारा या नांवानें, खेळाडूंची एक नोंदवही ठेविली आहे. मान्य मैदानावर निदान तीन वेळां, आणि तेंही ५६ दिवसांहून कमी नव्हे इतक्या काळांत, खेळलेल्या माणसाचें नांव तींत घालतात; दरवर्षीं तें नवें करावें लागतें. अठरा वर्षांखालील मुलास खोटी बंदूक, मग ती कोणत्याही रंगाची असो, विकत घेतां येत नाहीं, व त्यास ती विकणाराही दोषी ठरतो.

या नोंदणीविषयीं एक गैरसमज फार पसरलेला आहे. कित्येक मुलें तिला परवाना समजतात. ती सरकारी नाहीं आणि परवानाही नव्हे. ती दुकानदाराच्या बचावाचें साधन आहे. नोंदणीचा क्रमांक खिशांत आहे म्हणून बंदूक खांद्यास लटकावून रस्त्यानें चालण्याचा अधिकार कोणासही मिळत नाहीं.

येथें आपण या विषयाच्या गाभ्याशीं येतों. १९६८ च्या कायद्याचें एकोणिसावें कलम असें आहे, कीं सार्वजनिक जागीं खोटी बंदूकसुद्धां कायदेशीर अधिकारावांचून किंवा सबळ कारणावांचून जवळ बाळगणें हा अपराध होय. खोट्या बंदुकीचा हा उल्लेख त्यांत २००३ च्या कायद्यानें आला. कारण सबळ होतें हें सिद्ध करण्याचा भार बाळगणारावर आहे. खोट्या बंदुकीबद्दल बारा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. तीच दाखवून कोणास धाक घालण्याचा हेतु ठरला तर शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. परदेशांत शिकणाऱ्या मुलाच्या नांवावर असा गुन्हा लागला, तर पदवीपासून प्रवेशपत्रापर्यंत सारेंच धोक्यांत येतें.

हें कलम कठोर वाटेल, परंतु त्यामागील विचार साधा आहे. आपल्या हातांतील वस्तु खोटी आहे हें एकट्या आपणांस ठाऊक असतें. समोरच्या माणसास तें ठाऊक नसतें. २२ सप्टेंबर १९९९ रोजीं लंडनच्या हॅकनी भागांत हॅरी स्टॅन्ली नांवाचा एक रंगारी टेबलाचा दुरुस्त केलेला पाय पिशवींत गुंडाळून घरीं चालला होता. कोणा एकास ती बंदूक वाटली. त्यानें पोलिसांस कळविलें, आणि सशस्त्र पोलिसांच्या गोळीनें स्टॅन्ली रस्त्यांतच मरण पावला. त्याच्याजवळ खेळण्यांतली बंदूकही नव्हती. अमेरिकेंत अशा बंदुकीच्या तोंडाशीं नारिंगी खूण असावी असा कायदा आहे. २२ नोव्हेंबर २०१४ रोजीं क्लीव्हलंड शहरांतल्या एका बागेंत टॅमिर राइस हा बारा वर्षांचा मुलगा ती खूण निघालेलें एअरसॉफ्ट पिस्तुल घेऊन खेळत होता. पोलिसांची गाडी जवळ येऊन थांबल्यापासून दोनएक सेकंदांत त्याच्यावर गोळी झाडली गेली, आणि दुसऱ्या दिवशीं तो वारला. दोष कोणाचा, यावर पुष्कळ वाद झाले. मुलगा मात्र परत आला नाहीं. श्रोते हो, त्या पिस्तुलाचा जोर किती जूल होता हें त्या क्षणीं कोणीही विचारलें नाहीं. तें कसें दिसलें एवढेंच निर्णायक ठरलें.

म्हणून ने-आण करण्याच्या रीतीस मी सर्वांत अधिक महत्त्व देतों. बंदूक बंद पेटींत किंवा आकार दिसणार नाहीं अशा जाड आवरणांत ठेवावी. गोळ्यांचें भांडें काढावें, बॅटरी सोडवावी, नळी रिकामी असल्याची खात्री करावी. मोटार असेल तर पेटी मागच्या कप्प्यांत ठेवावी, आसनावर नव्हे; रस्त्यावरची मोटार ही घराची खोली होत नाहीं. घरून मैदानावर व मैदानावरून घरीं असें सरळ जावें. वाटेंत चहा घेण्यास किंवा मित्रास बंदूक दाखविण्यास थांबूं नये, कारण “मी खेळावयास चाललों आहें” हें कारण तेवढ्या वाटेपुरतेंच सबळ असतें. मैदानाची त्या दिवसाची नोंद जवळ ठेवावी. पोलिसानें हटकलें तर हात दिसतील असे ठेवून, पेटींत काय आहे तें आधीं शब्दांनीं सांगावें. आपण होऊन पेटी उघडावयास जाऊं नये. लष्करी पेहराव मैदानावर चढवावा व तेथेंच उतरवावा. वसतिगृहांत राहणारानें तेथील करार आधीं वाचावा; कित्येक ठिकाणीं खोट्या शस्त्रासही मज्जाव असतो.

विमानप्रवासाचे नियम आणखी कडक आहेत. खरी वाटेल अशी बंदूक हातांतल्या सामानांत मुळींच नेतां येत नाहीं. मोठ्या सामानांत न्यावयाची तर विमान कंपनीची संमति आधीं घ्यावी. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्यांचा नियम याच्या उलट आहे. त्या मोठ्या सामानांत चालत नाहींत, जवळच ठेवाव्या लागतात. पेट घेणाऱ्या वायूचे डबे तर कोठेंच नेऊं नयेत.

शिक्षण संपवून परत येतांना मुलानें ती बंदूक ट्रंकेंत घालून घरीं आणूं नये, असें माझें स्पष्ट सांगणें आहे. आपल्या देशाचे २०१६ चे शस्त्रनियम निराळे आहेत. त्यांत २० जूलहून अधिक शक्तीच्या, किंवा ४.५ मिलिमीटरहून मोठ्या नळीच्या हवाई शस्त्रास परवाना लागतो. आणि या खेळांतली गोळीच ६ मिलिमीटरची असते. अधिकाऱ्यांकडून लेखी उत्तर मिळाल्यावांचून अशी वस्तु जकातीच्या नाक्यावर नेणें शहाणपणाचें नव्हे. ती तिकडेच विकावी. परंतु घेणारा अठरा वर्षांवरील व खरा खेळाडू असल्याची खात्री करूनच, कारण तेथें विकणारावरही कायद्याची जबाबदारी आहे.

आतां घरच्या मंडळींनीं काय करावें? मुलास नुसतें “नको” म्हटल्यानें तो घेणें थांबवील असें नाहीं. कदाचित् सांगणें मात्र थांबवील. त्यापेक्षां त्यास तीन प्रश्न विचारावे. तुझ्या बंदुकीचा जोर कितीचा आहे? तिचा रंग कोणता? आणि मैदानावर जातांना तूं ती कशांत घालून नेतोस? पहिल्या दोहोंचीं उत्तरें तो उत्साहानें देईल. तिसऱ्याचें उत्तरही तितकेंच तयार असेल, तर त्यास खुशाल खेळूं द्यावें. तें जर अडखळत आलें, तर बंदूक घेण्याचें तूर्त लांबणीवर टाकून मैदानावरचीच भाड्यानें घे, असें सांगावें. त्यानें खेळाची गोडी कमी होत नाहीं, आणि रस्त्यावरचा धोका मात्र सारा टळतो.